संक्रांतीचं काळं कापड

कापडावर नक्षी काढायची म्हणजे खरं काम नक्षी काढण्याचं नसतंच. कुयरी कुणालाही काढता येते. काम असतं ते एका कुयरीशेजारी दुसरी कुयरी आली की मधल्या जागेत काय होतं ते बघण्याचं. कागदावर चौकोनात नक्षी काढायची, मग कात्रीने तो मधोमध उभा कापायचा आणि डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे ठेवून चिकटवायचा. बाहेरच्या कडा आत येतात आणि मध्ये एक रिकामी पट्टी उघडी पडते. ती भरायची. मग आडवा कापून पुन्हा तेच. एवढं केलं की तो चौकोन कितीही वेळा शेजारी-शेजारी छापला तरी सांधा दिसत नाही. या चौकोनाला धंद्यात रिपीट म्हणतात. माझा नवरा त्याला ‘तुझं ते कापाकापीचं’ म्हणतो. तो सरकारी बँकेत अधिकारी आहे. चांगला कागद चार ठिकाणी कापून पुन्हा चिकटवण्यात त्याला कधीच अर्थ दिसला नाही.

त्याच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून कोलकात्याला आलो. डमडमला तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. तळमजल्यावर एक साठीच्या बाई राहत होत्या. मी त्यांना माशिमा म्हणायची, म्हणजे मावशी. इथे आईच्या वयाच्या बाईला दुसरं काही म्हटलं तर ती वळून बघत नाही. माशिमांकडे पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं आणि हातात अशी सफाई होती की झबल्याची आतली शिवण बाहेरच्यापेक्षा सुबक दिसायची. मी नक्षी काढून कापड छापून आणायचं, त्यांनी पडदे, उशांचे अभ्रे, बाळांचे कपडे शिवायचे आणि दोघींनी मिळून प्रदर्शनांत विकायचे, असं सहा महिन्यांत ठरून गेलं. करार वगैरे काही नव्हता. आम्ही हिंदीत बोलायचो. त्यांची हिंदी वाईट आणि माझी त्यांच्याहून वाईट, त्यामुळे एकमेकींना लागेल असं काही बोलणं दोघींनाही जमायचं नाही. तीन वर्षं आमचं फार छान चाललं.

कोलकात्यात माझं त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं, हे सरळच सांगून टाकते. मराठी लोक होते, गणपतीत भेटायचे, आणि मग पुढच्या गणपतीत. दर दिवशी संध्याकाळी चारला चहासाठी जिन्यातून हाक यायची ती एकाच घरातून.

माशिमांच्या एकुलत्या एक मुलीला आधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल गेलं. तिसऱ्या वेळी दुर्गापूजा संपल्यावर आठवड्याभराने, सातव्या महिन्यातच मुलगा झाला. चौदाशे ग्रॅम. महिनाभर तो दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. नोव्हेंबरच्या शेवटी त्याला घेऊन मुलगी माहेरी, म्हणजे आमच्या तळमजल्यावर आली, तेव्हा त्याचं वजन एकोणीसशे पन्नास होतं. हे आकडे मला पाठ आहेत, कारण दर शनिवारी त्याचं वजन व्हायचं आणि माशिमा दवाखान्यातून आल्या की जिन्याच्या तळाशी उभ्या राहून वरच्या दिशेने आकडा सांगायच्या. एकवीसशे दहा. बावीसशे साठ. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थही तो आकडा ऐकायला दाराशी येऊन उभे राहायचे, पण वर्तमानपत्र उचलायला आल्यासारखं दाखवायचे. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच होतं की बाकी सगळं बरं आहे, वजन वाढलं पाहिजे. घरातला प्रत्येक माणूस त्या एका गोष्टीवर जगत होता.

तो घरी आला त्या दिवशी माशिमांनी त्याचं माप घेऊन तपकिरी कागदावर झबल्याचा नमुना कापला होता. माझ्या तळहातापेक्षा जरा मोठा. त्यावरून त्यांनी जुन्या मऊ मलमलीची आठ पांढरी झबली शिवली, पुढून बंद बांधायची.

मला वाटलं, आपणही या मुलासाठी काहीतरी करावं. मला दुसरं येतं काय? नक्षी. आणि डिसेंबर चालू होता, संक्रांत समोर होती. बाळाची पहिली संक्रांत म्हटल्यावर आपल्याकडच्या कुठल्याही बाईच्या डोक्यात जे येतं तेच माझ्या डोक्यात आलं. बोरन्हाण. काळं झबलं, त्यावर हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुरे. दागिने कोलकात्यात कुठून आणणार? म्हणून मी ठरवलं की हलवा कापडावरच काढायचा. काळी जमीन आणि त्यावर हलव्याचे पांढरे काटेरी दाणे.

विखुरलेले ठिपके काढणं हे नक्षीतलं सगळ्यात अवघड काम आहे, हे कुणी मानत नाही. माणसाचा हात नकळत रांगा करतो. कागदावर ठिपके कसेही पसरल्यासारखे दिसतात आणि कापड छापून भिंतीवर लावलं की तिरप्या रेघाच्या रेघा दिसायला लागतात. मी तेरा कागद कापले. प्रत्येक वेळी नमुना भिंतीला लावायचा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचं, डोळे अर्धे मिटायचे आणि रांग शोधायची. नवऱ्यालाही बघायला लावलं. तो म्हणाला, साबुदाणा सांडलाय. मी त्याला स्वयंपाकघरात पाठवून दिलं. चौदाव्या कागदात रांग सापडली नाही. प्रत्येक दाण्याला आठ-नऊ काटे होते, कुठल्याही दोन दाण्यांचे काटे सारखे नव्हते. मी आजवर काढलेल्या नक्षीत ती सगळ्यात चांगली होती, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

छपाईसाठी मी इथल्या, हुगळीपलीकडच्या श्रीरामपूरला जायची. डमडमहून लोकलने बराकपूर, तिथून लाँचने नदी पार. तिथे एका लांबच लांब टेबलावर कापड ताणून, लाकडी चौकटीतल्या जाळीतून रबरी पट्टीने रंग ओढून छापणारे एक दादा होते. कमी बोलणारे. मी चौदावा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि रंग सांगितला.

“जमीन काळी?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“पुरी काळी?”

“पुरी.”

ते थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले. “दीदी, हळदीसारखी पिवळी करू? पिवळ्यावर पांढरं छान उठतं.”

पिवळ्यावर पांढरं मुळीच उठत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मला वाटलं, एवढी काळी जमीन छापायची म्हणजे रंग फार लागणार, कापड कडक होणार, म्हणून टाळतायत. मी म्हटलं, तुम्ही काळं कापड घ्या आणि दाण्यांच्या जागचा रंग उडवा, म्हणजे कडक होणार नाही. लहान मुलासाठी आहे, मऊच पाहिजे.

“लहान मुलासाठी,” ते म्हणाले.

“दोन महिन्यांच्या.”

त्यांनी हात धुतले, फडक्याला पुसले आणि म्हणाले, “कापड तुमचं आहे.” कारागिराचा हेका, असं मनाशी म्हणून मी परत आले.

तीन मीटर कापड आलं. मी ते दोनदा साबणाने धुतलं, उन्हात वाळवलं, इस्त्री केली, आणि जानेवारीच्या पहिल्या सोमवारी चारच्या चहाला खाली घेऊन गेले. माशिमांच्या मांडीवर पसरलं. रांग शोधून दाखवा, म्हटलं. त्यांनी कापडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “बाळासाठी,” मी म्हटलं, “संक्रांतीला घालायचं.” त्यांनी कापडाची घडी घातली. घडी घालताना काठाला काठ जुळवला, सवयच ती. “काम चांगलं झालंय,” म्हणाल्या, आणि आतून मुलगी काय म्हणतेय ते बघायला उठल्या. मुलगी काही म्हणत नव्हती.

मंगळवारी चहाची हाक आली नाही. बुधवारी आली नाही. गुरुवारी माझ्या दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली मिळाली, आत शिवून झालेले बारा अभ्रे, मोजून, बांधून. तीन वर्षांत त्यांनी कधी काही कडीला अडकवलं नव्हतं. शनिवारी त्या दवाखान्यातून आल्या ते मी खिडकीतून पाहिलं. जिन्यात जाऊन उभी राहिले. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थही वर्तमानपत्राशी येऊन उभे राहिले. खाली दार उघडलं, आणि बंद झालं. आकडा आला नाही. आम्ही दोघं थोडा वेळ तसेच उभे राहिलो. मग ते वर्तमानपत्र घेऊन आत गेले. ते सकाळीच वाचून झालेलं होतं.

माझा स्वभाव असा आहे की कुणी रुसलं की मला आधी कापडात खोट दिसते. रंग निघत असेल, असं माझ्या डोक्याने घेतलं. बाळाच्या अंगाला काळं लागेल म्हणून माशिमा घाबरल्या असणार. माझ्याकडे उरलेला हातभर तुकडा मी पातेल्यात उकळला. पाणी स्वच्छ. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासला. फडकं पांढरं. नवऱ्याच्या बनियनला गुंडाळून रात्रभर ठेवला. बनियनला काही झालं नाही. नवरा म्हणाला, “सरळ जाऊन विचार ना.” असले सल्ले देणं सोपं असतं. मी विचारायला माशिमांकडे न जाता श्रीरामपूरला गेले, दादांना जाब विचारायला.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. उकळणं, घासणं, बनियन. मग म्हणाले, “रंग पक्का आहे, दीदी. रंगाचा काय दोष? आमच्यात शुभकार्याला काळं चालत नाही. लहान मुलाला तर नाहीच. मी तीनदा विचारलं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुमच्यात चालत असेल, असं वाटलं. तुमच्या घरचं मूल असेल, असं वाटलं.”

आमच्यात चालतं म्हणजे काय, एकच दिवस चालतं. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस माझ्या आईनेही मला काळं घालून कुठल्या समारंभाला जाऊ दिलं नसतं. पण संक्रांत इथेही असते, तीळ इथेही असतात, माशिमा दरवर्षी त्याच दिवशी तांदळाच्या पिठाचे गूळ-नारळ भरलेले पिठे करून वर पाठवायच्या. मी समजून चालले होते की दिवस तोच तर रंगही तोच. तीन वर्षांत विचारावंसं एकदाही वाटलं नाही. परतीच्या लाँचमध्ये मी बाकावर बसले आणि मला स्वतःची फार लाज वाटली. दोन मुलं गमावलेल्या घरात, ग्रॅम-ग्रॅम मोजून वाढवत असलेल्या मुलाच्या अंगावर घालायला मी काळं कापड घेऊन गेले होते, आणि वर म्हटलं होतं की रांग शोधून दाखवा.

घरी न जाता तशीच तळमजल्यावर गेले. माशिमा मशीनवर बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं की मला माहीत नव्हतं, माझं चुकलं, मला माफ करा. त्यांनी पाय थांबवला.

“तुझ्या मनात वाईट नव्हतं ते मला कळतं,” त्या म्हणाल्या. “पण शनिवारी चाळीस ग्रॅम कमी भरलं. पहिल्यांदाच कमी भरलं. सोमवारी तू ते आणलंस, शनिवारी कमी. मी काय समजू? मी शिकलेली आहे, असं समजू नये हे मला माहीत आहे. तरी समजले.”

मी कापड कुठे आहे, विचारलं. मागच्या गॅलरीत, पिशवीत होतं. फेकून देववलं नाही, म्हणाल्या, काम चांगलं होतं.

मग, गप्प बसवेना म्हणून, मी त्यांना बोरन्हाण समजावून सांगायला लागले. थंडीत काळं ऊन धरून ठेवतं, मुलाला पाटावर बसवतात, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे घालतात, बाकीची मुलं ती वेचून खातात, म्हणजे त्याला पुढची ऋतुबदलाची आजारपणं बाधत नाहीत. मोडक्या हिंदीत हे सगळं ऐकताना माझं मलाच वाटलं की ही बाई काय सांगतेय.

“बोरं डोक्यावर ओततात?” माशिमांनी विचारलं.

“हळू ओततात.”

“किती किलोच्या मुलावर?”



आतल्या दारात त्यांची मुलगी उभी होती. बाळ शालीत गुंडाळून खांद्याशी धरलेलं. तिने किती ऐकलं होतं माहीत नाही, पण पुरेसं ऐकलं होतं. ती फार बोलणारी नव्हती; घरी आल्यापासून तर फक्त किती प्यायला, किती झोपला एवढंच बोलायची. ती आईला बांगलात म्हणाली, आणि ते मलाही समजेल इतकं हळू म्हणाली, “पहिल्या दोघांना काळं कुणी घातलं होतं, मा?”

माशिमांनी मशीनवरचं कापड सरळ केलं.

“दवाखान्यात सगळं पांढरं होतं. चादर पांढरी, भिंत पांढरी, त्याच्या नाकावरची पट्टी पांढरी. महिनाभर मी त्याला पांढऱ्यातच बघितलं. इथे आले तर आठ झबली पांढरी.” तिने बाळाची शाल सारखी केली. “मला ते कापड दे. ती म्हणते त्या दिवशी मी त्याला घालणार.”

 मी जाऊ का, असं विचारायचं होतं, पण विचारलं असतं तर तेही चुकलंच असतं. शेवटी माशिमा उठल्या, गॅलरीत गेल्या, पिशवी घेऊन आल्या. भिंतीवरच्या खिळ्याला लावलेला तपकिरी कागद काढला, काळ्या कापडावर ठेवला, खडूने भोवती रेघ ओढली. कात्री घालायच्या आधी डोळे मिटून हात जोडले. मग कापलं. दाणे शिवणीत अर्धे कापले जाऊ नयेत म्हणून कागद दोनदा सरकवला, हे मी पाहिलं. “बंद लावू नकोस, मागे बटण लाव,” मुलगी म्हणाली. “बंद तो तोंडात घालतो.”

संक्रांतीच्या दिवशी सकाळी साडेनऊला खालून हाक आली. मी तीळगूळ घेऊन गेले. बोरं नेली नाहीत. बाळ पलंगावर, खिडकीतून येणाऱ्या उन्हात ठेवलं होतं. काळं झबलं शेजारी, इस्त्री केलेलं. “तू घाल,” माशिमा मला म्हणाल्या. “माझे हात होत नाहीत.” मला लहान मुलांचं काही येत नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती. मुलीने त्याला पालथा धरला, मी एक हात बाहीतून काढला, मग दुसरा. काळ्यावर हलव्याचे दाणे त्याच्या पाठीवर उन्हात चमकत होते. कुठेही रांग नव्हती. मी बटण लावायला गेले. बटण लागेना.

“कापड आटलं,” माशिमा लगेच म्हणाल्या. “मी म्हटलंच होतं.” म्हटलं नव्हतं.

“मी दोनदा धुऊन दिलं होतं, माशिमा. आटायचं ते आधीच आटलंय.”

“मग शिवण जास्त गेली असेल.” पण त्यांची शिवण जास्त जात नाही, हे तिघींनाही माहीत होतं. त्यांनी झबलं माझ्या हातून घेतलं, शिवण तपासली, खिळ्यावरचा कागद आणून त्यावर धरला. झबलं कागदाएवढंच होतं. मग त्यांनी तोच कागद उघड्या बाळाच्या पाठीवर धरला. कागद दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं अपुरा पडला. त्यांनी कागद सरळ करून पुन्हा धरला. पुन्हा तेवढाच अपुरा पडला.

पांढरी आठ झबली बंदांची होती. सात आठवडे रोज ते बंद जरा सैल बांधले जात होते आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

माशिमा कागद हातात धरून पलंगाच्या कडेला बसल्या आणि रडल्या. मुलगी रडली नाही, ती बाळाची पाठ बघत होती. बाळाला उन्हात शिंक आली. थोड्या वेळाने माशिमांनी पदराने तोंड पुसलं, कागदाचा चोळामोळा करून खाली टाकला आणि मला म्हणाल्या, “फीत दे. नवं माप घेऊ या.”